दहा हजार रुपये कोणत्या रकान्यात?

1981 साली पुण्यात सात इंजिनीअरांनी इन्फोसिस काढली, तेव्हा सुरुवातीचे दहा हजार रुपये सुधा मूर्तींनी आपल्या शिलकीतून दिले. ही गोष्ट आता आठ मार्चला, बचत गटांच्या मेळाव्यात, पोवाड्यासारखी सांगितली जाते. ‘बाईच्या त्यागावर कंपनी उभी राहिली!’ टाळ्या पडतात. माझा आक्षेप त्या ‘त्याग’ शब्दाला आहे. पुरुषाने पैसे घातले की भांडवल, बाईने घातले की त्याग, हा कुठला हिशेब?

ही बाई कोण होती? 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असे वाचून तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि टेल्कोत इंजिनीअर म्हणून लागली. म्हणजे आपल्याच पट्ट्यातली. नवी कंपनी गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे सॉफ्टवेअर लिहून देणार होती. ते काम तिला येत होते. तरी नवराबायको दोघे एका कंपनीत नकोत असे ठरले आणि बाहेर राहिली ती. घर चालावे म्हणून तिने वालचंद समूहात नोकरी धरली. हे चुकीच्या आदर्शवादातून झाले, असे नारायण मूर्तींनी जानेवारी 2024 मध्ये एका मुलाखतीत मान्य केले. चाळीसहून अधिक वर्षांनी!

कुणी म्हणेल, त्यांचे काय वाईट झाले? काहीच नाही. कंपनी चालली, त्यांच्या नावावर शेअरही आहेत. पण मेळाव्यात समोर बसलेल्या बाईचे काय?

भोसरी, तळवडे, चाकणला अशा कितीतरी जणी मला भेटतात. नवरा नोकरी सोडून कारखान्यांना हवी तशी संगणकप्रणाली किंवा कंट्रोल पॅनेल करून देऊ लागतो. हिचे गंठण बँकेत गहाण पडते. मग टॅलीतल्या नोंदी, जीएसटीचे रिटर्न, थकलेल्या बिलांसाठी फोन, कामगारांचे पगार, सगळे हीच बघते. हुद्दा विचारला तर ‘घरचीच आहे’. पंधरा वर्षांनी संसार मोडतो तेव्हा ती विचारते, “ताई, मला काय मिळेल?” मी विचारते, तुझ्या खात्यात कधी पगार जमा झाला? भागीदारीपत्र आहे? गहाणाची पावती कुणाच्या नावाची? कर्ज त्याचे, पावतीही त्याचीच. गाळ्यातला चहाचासुद्धा खर्च फायलीला लावणारीकडे स्वतःचा एक कागद नसतो.

स्त्रीधन बाईचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितले. पण सिद्ध तिनेच करायचे. आणि तिच्या राबण्याचे काय? घटस्फोटात नवऱ्याच्या धंद्यात निम्मा वाटा, असा नियम महाराष्ट्रात नाही. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की गोव्यात, 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. आपल्या आमदारांना गोवा सुट्टीपुरताच ठाऊक!

कायदा बदलायला हवाच. तोवर मैत्रिणींनो, दागिना देण्याआधी कागद करून घ्या. एकतर कर्ज म्हणून व्याजासह लिहून घ्या, नाहीतर भागीदारीत नाव घाला. हिशेब बघता त्याचा पगार बँकेतून घ्या. नवरा म्हणेल, “माझ्यावर विश्वास नाही का?” बँक वीस ठिकाणी सह्या घेते, तेव्हा तो मॅनेजरला हे विचारत नाही.