शिसवीचा मोह

निपाणी-बोरगाव पट्ट्यात आजोबांच्या काळातली रायफल जपणारी घरे अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, ते योग्यच झाले. परवान्यावरचे हत्यार मात्र घरात राहिले आणि त्याची निगा राखण्याची जबाबदारीही. अशी रायफल दुरुस्तीला येते तेव्हा बहुधा नळी शाबूत असते आणि दस्ता चिरलेला असतो. मालक हौसेने म्हणतो, ‘माळ्यावर जुनी शिसवी तुळई आहे, तिचाच दस्ता करा.’ कारागीरबंधूंनो, त्याला नाही म्हणा.

शिसव देखणी आहे, पलंगाला आणि देव्हाऱ्याला तिच्यासारखे लाकूड नाही. पण घनमीटरला तिचे वजन साधारण ८३० किलो भरते, अक्रोडाचे ६४० च्या आसपास. त्याच मापाचा दस्ता जवळपास तीस टक्के जड होतो आणि रायफलीचा तोल मागे जातो. शिवाय तिच्या अंगच्या तेलकटपणामुळे इपॉक्सी नीट धरत नाही.

सागवान वजनाने अक्रोडाच्या जवळचे, पावसाळ्यात फुगण्या-आटण्यातही शांत. म्हणून सुतार ते सुचवतात, आणि सुचवण्यात चूकही नाही. अडचण धक्क्याची आहे. सागवान रेषेवर पटकन उकलते. गोळी सुटताना लोखंड ज्या खांद्यावर मागे रेटते तिथे आणि मुठीपाशी त्याची परीक्षा होते. अक्रोड तो धक्का पचवते आणि बारीक खाचही स्वच्छ घेते. तेव्हा काश्मिरी अक्रोडाचा पुरता मुरलेला ठोकळा मिळाला तर दुसरे अखंड लाकूड पाहू नका. मात्र मुठीतून रेषा लांबीने सरळ गेलेली हवी. तिथे ती तिरकी कापली गेली असेल, तर कितीही महाग अक्रोड मोडेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने ली-एनफिल्डला तिकडचे कोचवूड वापरले. ते मऊ, म्हणून धक्क्याच्या जागी तांब्याचे तुकडे बसवले. आपल्या ईशापूरच्या कारखान्याने पुढचा दस्ता फाटू नये म्हणून त्यात आडवा स्क्रू घातला. मनाजोगे लाकूड नव्हते, तर त्याचा दुबळा भाग ओळखून तिथे धातू दिला. कारखान्यांनी केले ते आपल्याला एकेका दस्त्यावर करता येते. चिरलेला जुना अक्रोडी दस्ता फेकू नका: चीर इपॉक्सीने भरा, आतून पीन द्या, लोखंडाची बैठक नव्याने बसवा. नव्या शिसवी दस्त्यापेक्षा तो अधिक विश्वासाचा ठरेल.

ली-एनफिल्डवरून एक इशारा. पुढचा दस्ता न काढता मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट फिरवू नका. जुन्या रचनेत त्याचे चौकोनी टोक पुढच्या दस्त्यातल्या पट्टीत अडकलेले असते, आणि चांगले लाकूड क्षणात फाटते.

नवेच घ्यायचे असेल तर थरांचे चिकटवलेले लाकूड मला आपल्या हवेला सर्वांत योग्य वाटते. जर्मनांनी ते महायुद्धाआधीच माउझरला वापरले होते. थोडे जड पडते, पण वाकत नाही. फायबरग्लास उत्तम, पैसे असतील तर. पोकळ, साच्यातला स्वस्त प्लॅस्टिक दस्ता हाताच्या दाबाने वाकून नळीला टेकतो, तो नको. स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य मिळवले त्या ५० मीटर प्रकारात अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात, पण ती सामन्याची गरज आहे.

आणि लाकूड कोणतेही असो, ते आतून बंद करा. बाहेर जवसाच्या तेलाचे हात देऊन चमक आणतात. नळीची खाच आणि बटपट्टीखालचा कापलेला भाग कोरडाच ठेवतात. पाणी तिथूनच शिरते. जवसाचे तेल दमट हवा फारशी अडवत नाही, म्हणून आतून पातळ इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन हवे. निवडणुकीत हत्यारे ठाण्यात जमा होतात आणि आठवडे-महिने बंद खोलीत उभी राहतात. जमा करण्याआधी बटपट्टीखाली मेण भरा. परत आल्यावर स्क्रू तपासा, नळी आणि दस्ता यांच्यात कागदाची पट्टी मोकळी सरकते का ते पाहा. अडली तर ती रायफल परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्या, ओळखीच्या सुताराकडे नव्हे.