एकरूपतेचा हव्यास आणि जवाची भुरी

रोगाला दाद न देणारा वाण निर्माण करणे हे एक काम आणि त्या वाणाची ती शक्ती शेतात टिकवून धरणे हे दुसरे. पहिल्या कामाची बिरुदे पैदासकाराच्या पदरी पडतात, दुसऱ्याची जबाबदारी मात्र कोणत्याच खात्याच्या दप्तरी नोंदलेली नसते, आणि युरोपातील जवाच्या पिकाचा गेल्या शतकातील इतिहास चाळला असता या बेवारस कामापायीच शास्त्रज्ञांच्या परिश्रमांची वारंवार माती झालेली दिसते.

जव महाराष्ट्रात घटस्थापनेपुरता नि श्राद्धकर्मापुरता उरला असला, तरी मध्य व उत्तर युरोपात बिअरच्या माल्टसाठी त्याची विस्तीर्ण लागवड होते, आणि तेथील त्याचा जुना वैरी म्हणजे भुरी. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र द्राक्षावरची बुरशी निराळी, जवावरची निराळी, आणि एकीचे दुसरीच्या पिकावर काही चालत नाही. पानाच्या बाह्य पेशींत शोषक अवयव रोवून ही बुरशी अन्नरस ओढते, अनुकूल हवेत आठवड्याभरात नवी पिढी प्रसवते, आणि तिचे बीजाणू वाऱ्यावर आरूढ होऊन देशोदेशींच्या सरहद्दी परवान्यावाचून ओलांडतात.

पैदासकारांनी तिच्याविरुद्ध एकामागून एक प्रबळ जनुके वाणांत आणली. परंतु यांतील बहुतेक जनुके म्हणजे चोराला त्याच्या पागोट्यावरून ओळखणारे पहारेकरी. चोराने पागोटे बदलले की पहारा व्यर्थ. नवा वाण गाजावा, दोनचार हंगामांत त्याने प्रांतच्या प्रांत व्यापावा, आणि त्या विस्तारामुळेच बुरशीच्या एखाद्या बदललेल्या प्रकाराला मोकळे रान मिळून त्याचा फडशा पडावा, हा क्रम इतक्यांदा घडला की त्याला अपघात म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

या परंपरेला एक सन्मान्य अपवाद आहे. 1942 साली जर्मनीतील हाल्ले येथे फ्राइस्लेबेन आणि लाइन या संशोधकांना, क्ष-किरणांचा मारा केलेल्या ‘हाइसा’ या वाणात भुरीला दाद न देणारे एक रोप सापडले. पुढे असे दिसून आले की 1937-38 च्या सुमारास जर्मन मोहिमेने इथिओपियातून गोळा केलेल्या देशी जवांतही हाच गुण निसर्गतः होता. येथे नवे जनुक मिळालेले नसून असलेलेच निकामी झालेले असते, त्यामुळे बुरशीला पेशीभित्ती भेदताच येत नाही. ‘एमएलओ’ या नावाने ओळखला जाणारा हा गुण 1979 पासून बाजारी वाणांत आला आणि आजवर बव्हंशी टिकला. तो फुकटचा मात्र नव्हे: पानांवर आपोआप ठिपके उमटतात, आणि ताणाखाली वाढलेल्या रोपांवर रामुलारिया या दुसऱ्या पानरोगाचा जोर वाढतो असे प्रयोगांत आढळले आहे. इथिओपियाच्या डोंगराळ शेतांत तो जतन करणाऱ्या शेतकऱ्यांचे नाव कोणत्याही वाणाच्या नोंदवहीत नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

परंतु मला अधिक बोधप्रद वाटते ते पूर्व जर्मनीचे उदाहरण. बुरशीनाशकांसाठी परकीय चलन खर्चणे जड जाते या व्यवहारी विचाराने म्हणा, किंवा केंब्रिजच्या मार्टिन वुल्फ यांच्यासारख्या वनस्पतिरोगतज्ज्ञांच्या संशोधनाचा मान राखून म्हणा, त्या सरकारने 1980 च्या दशकात निरनिराळी प्रतिकारक जनुके असलेल्या, परंतु माल्टच्या गुणांत नि पक्वतेत जुळणाऱ्या वाणांची बियाणी मिसळून पेरण्याची तजवीज केली. एका वाणावर पोसलेला बीजाणू उडून शेजारच्या रोपावर पडला, तर ते बहुधा त्याला न मानवणाऱ्या वाणाचे असे आणि त्याचा वंश तेथेच खुंटे. दशकाच्या अखेरीस असे मिश्रण तीन लाखांहून अधिक हेक्टरांवर पसरले, भुरीचे प्रमाण सुमारे पन्नास टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर उतरले, आणि औषधफवारणीही घटली. हे साधण्यासाठी कोणाला नवे जनुक शोधावे लागले नाही. असलेलीच जनुके शहाणपणाने मांडली गेली, एवढेच. मग 1990 साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, पश्चिमेकडील माल्टव्यवसायाला एकेका वाणाचा शुद्ध माल हवा होता, आणि यशस्वी ठरलेली ती पद्धत पिकातील कोणत्याही दोषापायी नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या आवडीपायी मोडीत निघाली.

माल्टसाठी जव भिजवताना सर्व दाणे एकाच वेळी मोड धरावेत ही कारखानदाराची अपेक्षा रास्त आहे. मात्र तिचा जमाखर्च मांडताना फवारणीचा आणि बुडालेल्या वाणांचा खर्च शेतकऱ्याच्या आणि सरकारच्या नावे टाकायचा, ही हिशेबाची रीत मला मान्य नाही. आपल्या 2001 च्या वाणसंरक्षण कायद्यातही नोंदणीसाठी वेगळेपणाबरोबर एकरूपता आणि स्थिरता मागितली जाते, म्हणजे मिश्रणाला दस्तऐवजात जागाच नाही. राजस्थान, हरियाणा, पंजाब येथे आता माल्टकंपन्यांच्या करारावर जव पिकतो, आणि तेथे भुरीपेक्षा पिवळा तांबेरा हा मोठा शत्रू असला, तरी एकाच वाणाच्या सलग पट्ट्यांत बदललेल्या बुरशीला लाभणारी संधी तीच. करनाल येथील गहू व जव संशोधन संस्थेने आपल्या चाचण्यांत जुळत्या वाणांच्या मिश्रणांनाही एकेरी वाणांच्या बरोबरीने वाफे द्यावेत, आणि करारपत्रांत ‘अमुक एक वाण’ या शब्दांऐवजी दाण्यातील प्रथिनांची व अंकुरणाची मर्यादा लिहावी. ती मर्यादा पाळणारा माल एका वाणाचा की तिघांचा, ही विचारपूस करण्याचा अधिकार कारखानदाराला कशासाठी असावा?