राहून गेलेली नोंद

शिरूरच्या एका शाळेने प्रजासत्ताक दिनाला गावातल्या माजी सैनिकांना बोलावले होते. निमंत्रणाच्या शेवटी एक ओळ होती : कृपया आपली पदके लावून यावे. आमच्या ओळखीचे एक चाचा त्या दिवशी गेले नाहीत. तब्येत बरी नसल्याचे त्यांनी कळवले. जुम्म्याच्या नमाजनंतर भेटले तेव्हा तब्येत ठणठणीत होती. आम्ही विचारले तर म्हणाले, "बुकात जे लिहिलंय तेवढंच लावणार ना मी? आणि बुकात काय आहे, तर नऊ वर्षं नोकरी केल्याचं एक मेडल. पोरं विचारतील, एकाहत्तरला कुठं होतात?"

एकाहत्तरला चाचा पश्चिम आघाडीवर होते. वय एकवीस. 3 डिसेंबर 1971 ला लढाई सुरू झाली आणि 17 तारखेला पश्चिमेकडे बंदुका थांबल्या. हे सगळे दिवस ते आपल्या पलटणीबरोबर होते. पुढे फेब्रुवारीत काविळीने लष्करी रुग्णालयात गेले, तिथून रजेवर, आणि बरे होऊन हजर झाले ते दुसऱ्याच युनिटमध्ये. पदकांच्या याद्या निघाल्या तेव्हा जुन्या युनिटला वाटले हा आता आपला नाही, नव्या युनिटला वाटले याचे मागच्यांनी केलेच असेल. हे आमचे अनुमान. पण फौजेत राहिलेल्या तिघाचौघांना विचारले, त्यांनीही हेच सांगितले. बदली, रुग्णालय, कोर्स या फटींतून नोंदी निसटतात.

चाचांचे डिस्चार्ज बुक कपाटातून निघाले, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेले. पदकांच्या रकान्यात एकच ओळ, बाकी जागा कोरी. ही जागा भरते कशी, हे ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांनाही बहुधा माहीत नसते. सैनिकाच्या नोकरीत जे घडते, म्हणजे लग्न, मूल, बढती, बदली, पदक, ते युनिट 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये काढते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे सैनिकाच्या कागदांवर चढते. ऑर्डर निघालीच नाही तर नोंद नाही; निघाली पण चढवायची राहिली, तरी नोंद नाही. बुकात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, इलाज मात्र वेगळा आहे. पहिल्यात हक्क सिद्ध करावा लागतो. दुसऱ्यात फक्त ऑर्डरचा नंबर सापडावा लागतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. पदक म्हटले की लोकांना शौर्यपदक आठवते. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही शौर्याची, भारताच्या राजपत्रात जाहीर होणारी. चाचांची गोष्ट त्यांची नाही. पश्चिमी स्टार आणि पूर्वी स्टार 1971 च्या दोन आघाड्यांवर असलेल्यांना मिळाले. संग्राम मेडल त्या काळात ठरलेल्या भागांत सेवा केलेल्यांना. स्वातंत्र्याला 25 वर्षे झाली त्याचे मेडल 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्या प्रत्येकाला. 1965 साठी तसेच समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. ही कोणाच्या मेहेरबानीची नाहीत. अट पूर्ण केली की हक्काची. त्यामुळे अर्जात 'कृपा करून द्यावे' असे लिहू नये; 'नोंद राहिली आहे, दुरुस्त करावी' असे लिहावे. आम्ही चाचांचा पहिला कच्चा मसुदा पाहिला तेव्हा त्यात 'गरीब माजी सैनिक' असे दोनदा होते. ते खोडायला त्यांना पटवणे हेच सर्वांत अवघड काम ठरले.

त्याआधी घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, "अब्बा, पैसे मिळणार आहेत का?" नाही. दरमहा भत्ता असतो तो शौर्यपदकांना, या सेवापदकांना नाही. "मग पन्नास वर्षांनी कशाला?" बारावीतली नात मधेच बोलली, "दादा, पोरी खोटं समजतील म्हणूनच तुम्ही शाळेत आला नाहीत ना?" चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बुकाच्या झेरॉक्स काढून आणल्या.

कागद आणि करणी यांत अंतर पडते ते साध्या शिपायाच्याच बाबतीत, असे कोणी समजू नये. कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. 1965 च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या लढाईत जीपवरच्या तोफेने त्यांनी रणगाडे फोडले आणि 10 सप्टेंबरला शहीद झाले. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात चार रणगाडे आहेत. लष्करी इतिहास लिहिणारे सात सांगतात, कोणी आठ. कारण असे सांगितले जाते, की शिफारस आदल्या संध्याकाळीच रवाना झाली होती. शेवटच्या दिवसाचे रणगाडे तिच्यात येणार कसे? हमीद ज्या ग्रेनेडियर्सचे, त्या रेजिमेंटचा एक धागा आमच्या शिरूरला येतो. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कोरेगावकडे निघालेली बटालियन पुढे याच रेजिमेंटचा भाग झाली. कोरेगाव भीमाजवळच्या स्तंभावर शिपायांची नावे कोरलेली आहेत. दोनशे वर्षांनी आपण ती वाचतो, कारण तेव्हा कोणीतरी यादी नीट केली होती. सगळ्यांचे नशीब तसे नसते. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मारकांची जबाबदारी असलेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 मध्ये स्वतःच कबूल केले, की किमान 1,16,000 जणांची, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांची, नावाने नोंदच झाली नाही किंवा कसलीच झाली नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. हिंदी सैनिकांसह आणखी हजारोंची दखल गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने घेतली गेली नव्हती.

चाचांना आठवले, खंदकात शेजारी असलेला एकजण दौंडचा. नाव आठवले, मोहल्ला नाही. दौंड रेल्वेचे आणि राज्य राखीव पोलिसांचे गाव, निवृत्त वर्दीवाले तिथे पुष्कळ. दोन फोनमध्ये पत्ता लागला. न्हावरा, चौफुला करत आम्ही दुपारी पोचलो. दौंडचे ते आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे, कानाने अधू. चाचांना त्यांनी चेहऱ्यावरून ओळखले नाही. चाचांनी जवळ जाऊन कानात कंपनीचे नाव आणि हवालदाराचे टोपणनाव सांगितले, तेव्हा एकदम उभे राहिले. "अरे, तू काविळीत मेला म्हणून आम्ही तुझ्या नावानं फातिहा पढायला लावला होता युनिटच्या मौलवीला!" मग अर्धा तास फक्त थंडी, बाजरीच्या भाकरीची आठवण आणि कोण कोण गेले याचा हिशेब. काकूंनी दोनदा चहा केला.

बुकाचे काम शेवटी निघाले. त्यांच्या बुकात तीन ओळी स्वच्छ होत्या आणि दोन ओळींपुढे पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख. तारीख चाचा रुग्णालयात असतानाच्या महिन्यातली. आजोबांनी आपणहून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, की हा माणूस त्या तारखांना माझ्याबरोबर होता. सूरह बकरामधली ती लांब आयत आपण ऐकतो, व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा अशी. इथे दोन्ही एका टेबलावर आले. खरे सांगायचे तर कार्यालयाच्या दृष्टीने साक्षीपेक्षा त्या नंबरचे वजन जास्त. पण चाचांनी घरी परतताना गाडीत हातात धरला होता तो स्टॅम्प पेपर.

अर्ज गेला चाचांच्या रेकॉर्ड ऑफिसला, प्रत पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. प्रत्येक रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस वेगळे असते हे लक्षात ठेवावे. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे नगरला, महार रेजिमेंटचे सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला. भलत्या ठिकाणी गेलेला अर्ज महिनोन् महिने फिरत राहतो. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, बुकात आहे तसे नाव, युनिटे आणि तारखा, कोणते पदक आणि का. सोबत डिस्चार्ज बुक आणि पेन्शनच्या पीपीओची प्रत.

नावाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या लोकांचे इथेच अडते. भरतीच्या वेळी 'शेख' पुढे लिहिले, आधारवर ते मागे गेले. कुठे वडिलांचे नाव मधे घुसले, कुठे अब्दुलचे स्पेलिंग बदलले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडावे. पत्नीचे नाव पीपीओवर कसे आहे तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे. पदकाचे एकवेळ राहू द्या, पण तिथली चूक विधवेला कुटुंब पेन्शनच्या वेळी भोवते.

दोन महिन्यांनी उत्तर आले : आपल्या कागदपत्रांत सदर पदकांची नोंद आढळत नाही. नोंद नाही म्हणून तर अर्ज केला होता! चाचा निराश झाले, आम्हाला थोडे हसूही आले. चूक आमचीही होती. 'नोंद आहे का' असे विचारल्यासारखा तो अर्ज वाचता येत होता. दुसऱ्या अर्जात आम्ही स्पष्ट लिहिले : अमुक नंबरची ऑर्डर पडताळावी आणि तिच्या आधारे नोंद घ्यावी. 25 वर्षांच्या मेडलसाठी तर ऑर्डरचीही गरज नव्हती. भरतीची आणि निवृत्तीची तारीख त्यांच्याच कागदांवर होती. याच वेळी माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, स्वतःच्या सेवा-कागदांच्या प्रती मागितल्या. या पायरीवरही दाद लागली नसती तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ होते. पण तिथे अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत जावे लागते, आणि एवढ्यासाठी वकील गाठण्याआधी नीट लिहिलेला दुसरा अर्ज करून पाहावा असे आमचे मत आहे.

उत्तर आले ते आठ महिन्यांनी. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि 25 वर्षांचे मेडल, तिन्ही नोंदी मान्य. चौथे मागितले होते सैन्य सेवा मेडल, जम्मू-काश्मीरच्या पट्टीसह. ते नामंजूर, कारण तिथली सेवा एक वर्ष भरत नाही. आम्ही या चौथ्यासाठी पुन्हा लिहायच्या तयारीत होतो. चाचांनी बोटांवर महिने मोजले. "नऊ महिने आणि वर दोन आठवडे. बरोबर आहे त्यांचं. वर्ष कुठं काढलं मी?" दौंडला फोन लावला. आजोबांना ऐकू येईना, काकूंनी प्रत्येक पदकाचे नाव त्यांच्या कानात ओरडून सांगितले.

बाजारात मेडलच्या नकला मिळतात, रिबीनही मिळते. काही घरांतली मुले हौसेने आणून अब्बांच्या फोटोवर लावतात. लावू नयेत. खरे मेडल हरवले असेल तर पोलिसांत नोंद आणि प्रतिज्ञापत्र देऊन पैसे भरून दुसरे मागता येते.

दौंडच्या त्याच भेटीत काकू आम्हाला मागच्या गल्लीतल्या एका खालाजानकडे घेऊन गेल्या होत्या. त्यांचे मरहूम पती 1965 च्या लढाईत होते, काही वर्षांनी पेन्शन न घेता परतले. डिस्चार्ज बुक नाही, फोटो नाही, नंबर कोणाला माहीत नाही. पेन्शन नसलेल्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात, उरते ती लाँग रोलमधली एक ओळ. आणि नंबरशिवाय तीही शोधता येत नाही. आम्ही हात टेकले होते. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाचा फोन आला. घरात एक लोखंडी ट्रंक आहे, तिच्यात गोधड्या असतात, दर ईदला तिला हिरवा रंग मारतात. त्याने झाकणाच्या आतली बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसली. आतून कधी कोणी रंग दिला नव्हता. पांढऱ्या अक्षरांत नंबर, शिपाई, नाव आणि पलटण. नाव 'शेख'ने सुरू होते. अर्ज परवाच्या टपालाने गेला.