मीटरची साक्ष

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विमानाचा विषय निघाला की तो धावपट्टीपाशी सुरू होतो आणि बहुधा धावपट्टीपाशीच संपतो. कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने १९५५ च्या सुमारास कराडजवळ विजयनगरला जी धावपट्टी तयार झाली, तिची १२८० मीटर लांबी वाढवावी की न वाढवावी, वाढवल्यास कोणाची बागायत तीत जाणार, आणि सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी इतकी वर्षे निरुपयोगी का पडून राहिली, या प्रश्नांवर आजवर जी निवेदने झाली आणि जी आश्वासने दप्तरी दाखल झाली, त्यांची मोजदाद करणे कठीण आहे. तथापि त्या धावपट्टीवर प्रशिक्षणाचे एखादे लहानसे विमान उभे राहिल्यावर, त्याच्या पोटातील बॅटरीला दोन तारा टेकवून ‘हिच्यात जीव आहे काय?’ असे विचारणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातात कोणता मीटर असावा, हा प्रश्न मात्र एकाही निवेदनात माझ्या पाहण्यात आलेला नाही. प्रश्न क्षुद्र वाटतो खरा. पण उड्डाणाची अनुज्ञा देणारी स्वाक्षरी शेवटी अशाच एखाद्या क्षुद्र आकड्याच्या भरवशावर होत असते.

मल्टिमीटर हे यंत्र जन्मले तेच मुळी कंटाळ्यातून. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी नावाच्या अभियंत्याला अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजण्यासाठी तीन निराळी उपकरणे वागवण्याचा त्रास असह्य झाला आणि १९२३ मध्ये त्या तिन्हींच्या आद्याक्षरांचे नाव धारण करणारा ‘एव्हो’ मीटर बाजारात आला. आमच्या पिढीने शिकताना हाताळला तो नाशिकच्या मोटवाने कंपनीचा काट्याचा मीटर. त्याचा काटा हळूच उठे, क्षणभर थरथरे आणि मग एका जागी विसावे. त्या थरथरण्यातूनही जाणत्याला काही कळत असे. आजचा अंकीय मीटर थरथरत नाही. तो खोटे बोलला तरी दशांश चिन्हासह, निःशंकपणे बोलतो, आणि आपण त्या दशांशालाच प्रमाण मानतो.

याचा दाखला मला माझ्या शेजारीच मिळाला. शेजारच्या बागाईतदारांनी आठवड्याच्या बाजारातून तीन-चारशे रुपयांचा एक पिवळा मीटर आणला होता, आणि ट्रॅक्टर बंद असताना त्याच्या बॅटरीवर तो १३.९ व्होल्ट दाखवतो म्हणून ते फार संतुष्ट होते. विश्रांतीतील बारा व्होल्टांची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी १२.६ ते १२.८ च्या फारशी वर जात नाही, हे मी सांगून पाहिले. पण आकडा समोर लखलखत असताना माझ्या बोलण्याला कोण पुसतो? दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर हूं की चूं करीना. दोष निघाला तो मीटरच्या पोटातील नऊ व्होल्टांच्या लहानशा सेलमध्ये. तो सेल मरणपंथाला लागला होता, आणि या जातीच्या स्वस्त मीटरांत सेल उतरला की वाचन चढते. दुसऱ्याची नाडी पाहणाऱ्या वैद्याचीच नाडी बुडत चालली होती, असा तो प्रकार. ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला म्हणून भागले. विमानाला आकाशात बांध नसतो.

विमानाची बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीची बहीण असली तरी तिच्यावरील जबाबदारी निराळी. लहान विमानांत ती १२ किंवा २४ व्होल्टांची असते, आणि इंजिन चालू असता अल्टरनेटर अनुक्रमे १४ किंवा २८ व्होल्टांच्या आसपास विद्युत्पुरवठा करतो. हा अल्टरनेटर हवेत निकामी झाला, तर वैमानिकाला सुखरूप उतरेपर्यंत रेडिओ, दिवे आणि आवश्यक उपकरणे एकट्या बॅटरीने जगवायची असतात. म्हणून तिच्याविषयीचा खरा प्रश्न ‘दाब किती?’ हा नसून ‘दम किती?’ हा आहे. आणि नेमका हा दुसरा प्रश्न मीटरला विचारून उपयोग नाही. जुनाट, गंधकी क्षारांनी माखलेली बॅटरीसुद्धा भार नसताना चांगला दाब दाखवू शकते. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचा दाब तर ती रिती होत आली तरी बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो. दम पाहायचा तर बॅटरी विमानातून उतरवून ठराविक प्रवाहाने रिती करावी लागते आणि ती किती वेळ टिकली हे घड्याळावर मोजावे लागते. निर्धारित क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली की सामान्यतः तिला निवृत्त करतात. अर्थात उत्तम मीटर घेतला की बॅटरीची तपासणी झाली असे समजणारा मनुष्य, सातबारावर नाव लागले की विहिरीला पाणी लागले असे समजणाऱ्याच्याच पंक्तीला बसतो.

मग मीटरचा उपयोग कोठे? माझ्या मते त्याचे सर्वांत मोलाचे काम बॅटरीवर नाही, बॅटरीपासून निघालेल्या तारेवर आहे. एकोणीस पदरांच्या तारेतील अठरा पदर गंजून वा कंपनाने तुटले आणि एकच उरला, तरी ओहमच्या पट्टीवर मीटर ‘तार शाबूत’ असाच निर्वाळा देतो, कारण त्याने सोडलेला प्रवाह इतका अल्प असतो की एका पदरातूनही तो विनासायास निघून जातो. त्याच तारेवर उतरण्याच्या दिव्याचा भार टाका आणि मग तिच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजा, म्हणजे तारेचे बिंग फुटते. २८ व्होल्टांच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या उपकरणापर्यंत पोचताना १ व्होल्टाहून अधिक घट होऊ नये आणि १४ व्होल्टांच्या प्रणालीत अर्ध्याहून अधिक होऊ नये, असा विमानदुरुस्तीतील रूढ दंडक आहे. कृष्णेच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही: पाट फुटला आहे की नाही हे कोरड्या पाटाकडे पाहून कळत नाही, पाणी सोडावे लागते.

आमच्या भागातील जुने वायरमन खिशात एक होल्डर, एक बल्ब आणि दोन तारा एवढेच बाळगीत, आणि शिकलेली पोरे त्यांना हसत. वास्तविक त्या बल्बमध्ये एक गुण होता, जो दहा मेगाओहम अंतर्गत रोधाच्या आधुनिक मीटरमध्ये नाही: तो भार घेत असे. विमानाच्या नाजूक उपकरणांवर बल्ब टेकवावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यामागची अक्कल तेवढी जपावी.

निवडीचा विचार येथून करावा. पहिली गोष्ट अंकांची. दोन हजार गणनांचा (‘काउंट’चा) मीटर २८ व्होल्टांवर ‘२८.३’ म्हणून थांबतो. सहा हजारांचा ‘२८.३४’ सांगतो, आणि अल्टरनेटरच्या रेग्युलेटरचा दाब बसवताना हा शेवटचा अंक कामी येतो. मात्र अर्धा टक्का चुकणारा मीटर २८ व्होल्टांमागे ०.१४ व्होल्ट चुकतो, तेव्हा अचूकता न वाढवता नुसते अंक वाढवणे म्हणजे चुकीला अधिक बारीक अक्षरात लिहिणे होय. दुसरी गोष्ट फ्यूजची, आणि तीवर मी काटकसर कदापि करू देणार नाही. प्रवाह मोजून झाल्यावर लाल तार अँपिअरच्या छिद्रातच राहते आणि तोच मीटर पुढे बॅटरीवर टेकवला जातो, ही चूक नवख्याच्या हातून नव्हे, तर थकलेल्या कसलेल्या हातूनच अधिक होते. त्या क्षणी शेकडो अँपिअर सोडू शकणारी बॅटरी आणि मनुष्याचा तळहात यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ एक फ्यूज. तो काचेचा आहे की मोठा प्रवाह तोडणारा वाळूभरला आहे, हे मागचे झाकण उघडून पाहिल्याविना मीटर विकत घेऊ नये. हँगरात तोच मीटर भिंतीवरच्या ४१५ व्होल्टांच्या पुरवठ्यालाही लावला जातोच, म्हणून तो ‘कॅट-तीन, ६०० व्होल्ट’ या सुरक्षा-श्रेणीचा असावा. मोठ्या विमानांतील ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह मोजायचा असेल, तर खरे आरएमएस मूल्य देणारा आणि तितक्या वारंवारतेवर अचूकतेची हमी असणारा मीटर हवा. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, तिच्या हिशेबाने बेतलेला मीटर तेथे उपयोगाचा नाही. आणि धातूच्या भागांमधील जोड ०.००३ ओहमच्या आत आहे काय हे पाहायचे असेल, तर कोणताच साधा मल्टिमीटर पुरत नाही, कारण मीटरच्या तारांचाच रोध या मर्यादेच्या कितीतरी पट असतो; तेथे चार तारांचा मिलिओहममीटरच लागतो.

जमीन मोजणाऱ्या कारकुनाची साखळी वापराने ताणली जाई आणि मग साऱ्या गावाची मोजणी बिघडे. म्हणून ती वेळोवेळी प्रमाण मापाशी ताडून पाहण्याचा रिवाज होता. विमानदुरुस्तीच्या नियमांत मीटरलाही हाच दंडक आहे: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अंशशोधनाचा दाखला आणि त्यावरील मुदत. मुदत टळलेला मीटर कितीही किमती असला तरी त्याची साक्ष ग्राह्य धरली जात नाही.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडाला आकार देणाऱ्या, सांगलीत १९४७ पासून आणि कराडात १९६० पासून अभियंते घडवणाऱ्या या प्रदेशाला हे ज्ञान परके नाही. उसावर फवारणी करणारे ड्रोनही आता शिवारात आले आहेत, आणि त्यांच्या लिथियम सेलांपैकी एखादा इतरांहून मागे पडला काय, हे गावातल्याच कोणा तरुणाला मीटर लावून पाहावे लागणार आहे. म्हणून आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या खरेदीच्या निविदेत ‘मल्टिमीटर, अंकीय, नग वीस, सर्वांत कमी दर’ एवढ्यावर न थांबता फ्यूजचा प्रकार, श्रेणी, गणनांची संख्या आणि दाखला हे चार रकाने वाढवावेत, आणि पैसा अपुरा पडल्यास विसांऐवजी सहाच नग घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. तीबरोबर एक पुरवणीही जोडतो: ते सहा मीटर ‘हरवतील’ या भयाने कपाटात कुलूपबंद करून किल्ली मुख्य लिपिकाच्या टेबलात ठेवू नये, कारण मग कार्यशाळेतील मुले बाजारातला तो पिवळा मीटरच खिशातून काढतात.