पायजम्याचा काय गुन्हा?

अमेरिकेचे परिवहन मंत्री शॉन डफी यांनी २०२५च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या गर्दीच्या तोंडावर, आपल्या देशबांधवांना एक उपदेश केला. विमानतळावर येताना जरा बरे कपडे घाला, पायजमा आणि सपाता घालून येऊ नका. विमानप्रवासाचं सुवर्णयुग परत आणायचं, तर सुरुवात प्रवाशाने स्वतःपासून करावी, असा त्या मोहिमेचा सूर होता. नीट कपडे घालून आलेला माणूस नीट वागतो, हे त्यामागचं गृहीतक.

आपल्याकडे यासाठी मंत्री लागत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा विमानात बसलेल्या कोणत्याही गृहस्थांना विमानतळावर पाच मिनिटं उभं करा. बर्म्युडातला पहिला तरुण दिसला की ते म्हणणार, "आमच्या वेळी टाय लावून बसायचे लोक. आता एसटी स्टँड झालाय नुसता." (एसटीने यांचं काय घोडं मारलंय, कोण जाणे.)

मला हे म्हणणं साफ अमान्य आहे. आणि याच्या विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्यांचं, म्हणजे "कोण बघतंय, झोपायचंच तर आहे" म्हणत रात्रीच्याच कपड्यांत टॅक्सीत बसणाऱ्यांचंही तितकंच अमान्य आहे. दोघांनी मिळून असा समज पक्का केलाय की ऐट आणि आराम यांतलं एकच काहीतरी मिळतं. विमानाच्या बाबतीत तरी ते खोटं आहे.

आधी वागणुकीचा मुद्दा निकालात काढू. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे बेशिस्त प्रवाशांच्या तक्रारींचा पूर आला तो २०२१ साली. एकूण ५,९७३ तक्रारी, त्यांतल्या ४,२९० मास्कवरून झालेल्या. म्हणजे भांडणं कपड्यावरून झाली हे एका अर्थी खरं, पण तो कपडा नाकातोंडावरचा होता. आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१७ साली गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या ठरवल्या आणि पायरीगणिक प्रवासबंदी वाढवत नेली. शिवीगाळ आणि दारूचा धिंगाणा, त्यापुढे मारहाण आणि नकोसा स्पर्श, त्यापुढे जिवावर बेतणारं वर्तन. त्यात पोशाखाबद्दल अवाक्षर नाही, आणि नसावंच. २०२२च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात सहप्रवासी वृद्धेच्या अंगावर लघवी केल्याची जी तक्रार देशभर गाजली, ती बिझनेस क्लासमधली होती. दारू, विमानाला झालेला उशीर, अरुंद जागा आणि मुळातला उर्मटपणा ही भांडणाची कारणं. कडक इस्त्रीने त्यांतलं एकही जात नाही.

आता ते सुवर्णयुग. अमेरिकेत १९७८ साली निर्बंध उठेपर्यंत विमानाची भाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवत असे. भाडं उतरवून गिऱ्हाईक ओढायची सोय नव्हती, म्हणून कंपन्या जेवण, सरबराई आणि ऐसपैस जागा यांवर चढाओढ करत. जुन्या जाहिरातींतला सुटातला माणूस निवांत दिसतो, कारण त्याला पाय पसरायला जागा आहे. आज स्वस्त विमानांत आपली सीट आणि पुढची सीट यांतलं अंतर २८ ते ३० इंच भरतं. मधल्या सीटवर कोट घालून बसून दाखवावं, कोपर शेजाऱ्याच्या उपम्यात जातं. शिवाय त्या जाहिरातींना वास नसतो. केबिनमध्ये सर्रास सिगारेटी ओढल्या जात, आणि तो ऐटबाज सूट उतरल्या उतरल्या धोब्याकडे द्यावा लागे. आपल्याकडे ८ जून १९४८ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलं तेव्हा आत संस्थानिक बसले होते. ते रुबाबात होते, यात विमानाचं काय कौतुक? ते कुठेही तसेच जात.

याच्या उलट चित्र नांदेडला बघा. २७ एप्रिल २०१७ला 'उडान' योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद होतं. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, असं पंतप्रधान तेव्हा म्हणाले होते. प्रत्यक्षात अशा विमानतळांवर हवाई चप्पल फारशी दिसतच नाही. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस मुलीच्या साखरपुड्याला निघाल्यासारखा येतो. परीटघडीचा पांढरा सदरा, करकरणारे नवे बूट, बायकोच्या अंगावर ठेवणीतली साडी. सपाता फटकारत येतो तो दर सोमवारी बंगळूर गाठणारा. डफीसाहेबांना हवा तो पोशाख ज्यांच्या अंगावर दिसतो, ते विमानात नवखे असतात. तो आदर थोडा असेल, पण बराचसा बुजरेपणा असतो. सवय झाली की तो जातो, आणि गेलेलाच बरा.

हे झालं खंडन. मग घालावं काय? याचं उत्तर मंत्र्याला किंवा सिनेनटाला विचारण्याऐवजी विमानाला विचारावं.

विमान ३५ हजार फुटांवर असतं तेव्हा केबिनमधली हवा ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे मुंबई–नेवार्क प्रवासात माणूस कळसूबाईच्याही वर कुठेतरी पंधरा-सोळा तास बसून असतो, तेही घट्ट जीन्स घालून. त्या उंचीवर दाब कमी झाल्याने पोटातला वायू पाव ते एकतृतीयांश फुगतो. विमानात पोट गच्च वाटतं त्याचं खापर आपण एअरलाइनच्या बटाट्यावर फोडतो, पण निम्मा दोष जीन्सच्या बटणाचा असतो. बसून बसून पावलांवर सूज येते, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुपटीने वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अभ्यासात दिसलं. मूळ धोका फार लहान आहे, दुप्पट होऊनही सहा हजारांत एकाच्या आसपास, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण मांडीत आणि गुडघ्यामागे आवळणारं काही नको, एवढा बोध त्यातून घ्यावाच. ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा ज्यांना पूर्वी गुठळी झालीय त्यांनी डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घालावेत. बाकी हवा इतकी कोरडी की नागपूरच्या मे महिन्यातली दुपार आठवावी, फक्त अंगाला गारवा. बसमधून विमानापर्यंत जाताना डांबरावरची धग, आत शिरल्यावर डोक्यावर थंड झोत, आणि देशांतर्गत स्वस्त विमानात पांघरूण मागितलं तर पदरी निराशा.

एवढं ऐकल्यावर उत्तर आपोआप तयार होतं. कमरेला सैल, अंगाला सुती किंवा लोकरी, एकावर एक चढवता-उतरवता येईल असं, पायात बंद पण थोडं ढिलं. आता सांगा, सुती पायजमा आणि गुडघ्यापर्यंतचा कुडता यात कुठे कमी पडतो? तो नीट मापाचा शिवलेला असेल, रंग उडालेला नसेल, वर शाल किंवा उपरणं असेल, तर त्या माणसाला गबाळा म्हणायची छाती कोणाची आहे? गबाळेपणा पायजम्यात नसतो. गुडघ्याशी फुगे आलेल्या, कालच्या आमटीचा डाग मिरवणाऱ्या पायजम्यात असतो. तसा डाग ब्लेझरवरही पडतो.

पुरुषांसाठी एक वस्त्र मी आग्रहाने सुचवीन, ते म्हणजे बंडी. आतले-बाहेरचे मिळून चार-पाच खिसे, पासपोर्ट, पेन, मोबाइल, किल्ल्या सगळं त्यात. सिक्युरिटीला आलं की अख्खी बंडी काढून ट्रेमध्ये ठेवायची. मागचा माणूस पट्टा काढतोय, नाणी वेचतोय, एका हाताने पँट सावरतोय, तोवर आपण पलीकडे. गार वाटलं तर बटणं लावा, उकडलं तर उघडी सोडा. उतरून थेट मीटिंगला जायचं असेल तर बंडीइतकं रुबाबदार काही नाही.

'एअरपोर्ट लुक' नावाच्या प्रकाराबद्दल फार लिहायची गरज नाही. मुंबईच्या टी-टूच्या दारात तारेतारका गाडीतून उतरतात, छायाचित्रकारांसमोरून दारापर्यंत चालतात. तो पोशाख तेवढ्या पावलांपुरताच असतो, आणि बऱ्याचदा तो कोणत्या तरी ब्रँडने धाडलेला असतो. पांढरा लांब ट्रेंचकोट आणि चार इंची टाचा पाहून कोणी ३२-ई नंबरच्या सीटसाठी खरेदी करत असेल, तर दोष फोटोचा नाही.

त्यापेक्षा व्यायामाच्या कपड्यांचा पक्ष बळकट आहे, कारण ते खरोखर आरामाचे असतात. अंगासरशी लेगिंग, चकचकीत ट्रॅकसूट, ताणले जातात, चुरगळत नाहीत. माझा आक्षेप दिसण्याला नाही, धाग्याला आहे. यांतलं बहुतेक पॉलिएस्टर किंवा नायलॉन. ते दोन तासांत घामट वास धरतं, आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. सुती आणि लोकरी कापड जळतं, पण वितळत नाही. म्हणूनच विमानसुरक्षेचे जाणकार नैसर्गिक धाग्याचे, हातपाय झाकणारे कपडे आणि पट्ट्याचे किंवा नाडीचे बंद बूट सुचवतात. विमानाला परवाना देताना निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात का, हे तपासलेलं असतं. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं आणि आतले सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. अशी वेळ येण्याचा संभव नगण्य, पण आलीच तर घसरगुंडीवर टाचांचे बूट काढून फेकायला लावतात आणि खाली काचा असू शकतात. याच हिशोबाने मला कोल्हापुरीही बॅगेत ठेवायला सांगावं लागतं, जीव तुटत असला तरी. उतरल्यावर घाला.

राहिला साडीचा प्रश्न, आणि इथे मला खरा राग आहे. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आया आता विमानतळावर नेहमी भेटतात. त्यांना घरच्यांनी पढवलेलं असतं की विमानात साडी चालत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी वयाच्या पासष्टीत आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस घातला तो सहार विमानतळावर जाण्यासाठी. फोनवर सुनेने बजावलं होतं, "आई, साडी नका हं नेसू, अवघडाल." काकू रांगेत उभ्या, ओढणी एकदा ट्रॉलीच्या चाकात, एकदा शेजारणीच्या बॅगेच्या चेनमध्ये. मला म्हणाल्या, "अगं, ही सांभाळू की पासपोर्ट? पदर कसा खोचला की विषय संपला!" पुढची हकीकत त्यांनी परत आल्यावर सांगितली. विमानाच्या त्या टीचभर संडासात सलवारीच्या नाडीला निरगाठ बसली आणि बाहेर रांग वाढत गेली.

साडी अवघड असती तर एअर इंडियाच्या हवाईसुंदरी साठच्या दशकापासून ती नेसून ट्रॉल्या ढकलत आल्या नसत्या. २०२३च्या डिसेंबरात मनीष मल्होत्रा यांनी त्यांच्यासाठी केलेल्या नव्या गणवेशात तयार निऱ्यांची साडी आहे आणि हवी तर आत पँट घालायची मुभा आहे. यात साडीही राहिली आणि पायही मोकळे झाले. मात्र साडीच्या बाजूने बोलताना डोळे मिटून बोलू नये. जॉर्जेट, शिफॉन दिसायला हलकी, पण बहुतेकदा कृत्रिम धाग्याची. विमानासाठी सुती किंवा हातमागाचीच बरी. नेसताना घोट्याच्या वर, आत परकराऐवजी सैल सुती पँट, पायात मोजे आणि बूट, खांद्यावर स्वेटर. बुटांवर साडी पाहून नातवंडं हसली तर हसू द्यावीत. नऊवारीची शिफारस मात्र करणार नाही. काष्ट्याने चालायला, चढायला, वेळ आलीच तर घसरायला पाय मोकळे राहतात हे खरं, पण सोळा तासांत तीन-चार वेळा त्या संडासात काष्टा सोडून पुन्हा घालणं ही सर्कस आहे. आणि ज्यांना मनापासून ड्रेस आवडतो त्यांनी तो खुशाल घालावा, फक्त नाडीऐवजी इलॅस्टिक लावून घ्यावं.

एक हरकत अजून उरते. सुती कपडा उतरेपर्यंत चुरगळतो, म्हणजे ऐट गेलीच की. चुरगळतो खरा, लिनन तर फारच. त्याला दोन तोडगे आहेत. पहिला, गडद रंगाचा विणीचा सुती किंवा पातळ लोकरी कपडा, तो सुरकुती धरत नाही. दुसरा त्याहून सोपा. सात किलोच्या केबिन बॅगेत वरच्या बाजूला एक सदरा किंवा ब्लाउज गुंडाळून ठेवायचा, घडी न घालता. सामानाचा पट्टा सुरू व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, आणि विमानतळावरची स्वच्छतागृहं विमानातल्यापेक्षा पुष्कळ मोठी असतात.