एकखांबी तंबूचे अर्थशास्त्र

वसई-विरारची ओळख महाराष्ट्राला दोन कारणांनी आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली सर केलेला किल्ला हे एक आणि चर्चगेटच्या दिशेने धावणारी खच्चून भरलेली लोकल हे दुसरे. २००९ साली येथे महानगरपालिका आली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येने बारा लाखांचा आकडा ओलांडला, २०१४ साली पालघर हा निराळा जिल्हा झाला. तरीही या नगराच्या अर्थव्यवहाराचे मूळ रूप फारसे पालटलेले नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांतून कारखानदारी चालते, पश्चिमेच्या वाड्यांतील फुले दादरच्या बाजारात जातात. परंतु शिकलेल्या मनुष्याला पोटासाठी गाडी पकडावीच लागते. जाण्यायेण्याचे रोजचे तीन तास धरले, तर तीनशे दिवसांत नऊशे तास होतात. म्हणजे आठ तासांचे एकशेबारा दिवस! राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात ही हानी नोंदली जात नाही.

या पार्श्वभूमीवर एका नव्या व्यवसायप्रकाराकडे गांभीर्याने पाहावयास हवे. कोणाचेही भांडवल न घेता एकट्या व्यक्तीने घरी बसून सॉफ्टवेअर तयार करावयाचे आणि ते मासिक वर्गणीवर विकावयाचे, असा हा प्रकार आहे. दवाखान्याच्या नोंदी, शिकवणीवर्गाची फी, गृहनिर्माण संस्थेचा हिशेब असे एखादे छोटे काम हाती घेऊन ते नीट करून देणे, हे त्याचे स्वरूप.

हे आजच का शक्य झाले? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता : बाजारात सर्व काही विकत मिळते, तर मग व्यवसायसंस्था निर्माणच का होतात? बाजारातून प्रत्येक गोष्ट मिळविण्यालाही खर्च येतो, तो वाचविण्यासाठी माणसे एका छपराखाली येतात, असे त्याचे उत्तर होते. आज संगणकाची साठवण व शक्ती भाड्याने मिळते, पैशांची वसुली आपोआप होते, ग्राहकापर्यंत माल पोचविण्यास गाडी लागत नाही. बाजाराचा तो खर्च घटला आणि संस्थेचा आकार एका माणसापर्यंत आकसू शकला.

तथापि 'भांडवल लागत नाही' हा समज भ्रामक आहे. सॉफ्टवेअरची पहिली प्रत तयार होण्यातच सारा खर्च असतो. दुसरी प्रत जवळजवळ फुकट पडते. तो पहिला खर्च म्हणजे न मिळालेला पगार. दरमहा पन्नास हजारांची नोकरी सोडून अठरा महिने खपणाऱ्या तरुणाने नऊ लाख रुपये गुंतविलेले असतात, मग बँकेच्या पासबुकात त्याची नोंद असो वा नसो. पुढे महिना पाचशे रुपये वर्गणीचे शंभर ग्राहक मिळाले, की जुन्या पगाराएवढी रक्कम जमते. खर्च व कर त्यातूनच जावयाचे. त्यांपैकी शेकडा पाच ग्राहक दरमहा गळू लागले आणि नवे आले नाहीत, तर वर्षअखेर शंभराचे जेमतेम चोपन्न उरतात. आहे तेथे टिकण्यासाठीही सतत धावावे लागते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. कैलास काटकर यांनी १९९० साली पुण्यात सुमारे पंधरा हजार रुपयांवर दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. दुकानाच्या मिळकतीवर घर चालले आणि धाकटे बंधू संजय यांना संगणकातील विषाणूंवर उतारा शोधण्यास अवसर मिळाला. त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली. बाहेरच्या गुंतवणूकदाराचे साठ कोटी रुपये आले ते २०१० साली आणि समभागांची खुली विक्री झाली ती २०१६ साली. म्हणजे दोन दशके धंद्याने धंद्याला पोसले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उत्पादनाच्या आधी रोकड देणारे काम हाताशी होते, आणि भाऊ दोघे होते. एकाने गिऱ्हाईक सांभाळले, दुसऱ्याने लेखन केले. एकट्या उद्योजकाच्या खांद्यावर ही दोन्ही ओझी असतात. तो आठ दिवस तापाने पडला, तर दुकान बंद; शिवाय त्याच्यावर विसंबलेल्या ग्राहकांचाही खोळंबा. मराठीत अशा व्यवस्थेला 'एकखांबी तंबू' म्हणतात, ते उगाच नव्हे.

नियमांचा फटकाही अशांना अधिक बसतो. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीवर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून निर्बंध घातले. ग्राहकाच्या संरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु बदलास तोंड देण्यासाठी मोठ्या कंपनीकडे स्वतंत्र खाते असते, एकट्याकडे फक्त रात्र असते.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकव्यक्ती कंपनीला मान्यता दिली आणि २०२१ साली तिच्यावरील भांडवल व उलाढालीच्या मर्यादा उठविल्या. मुद्रा कर्जाची कमाल मर्यादा २०२४ साली वीस लाखांवर नेली. पण २०१६ च्या 'स्टार्टअप इंडिया' योजनेत एकल मालकीच्या धंद्याला स्थान नाही. कर्जाच्या व्यवहारात यंत्र वा माल पाहण्याची सवय जुनी. सॉफ्टवेअर गहाण कसे ठेवावे? २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे देणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावयाचे असते. परंतु आपल्या एकमेव मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य कोण दाखविणार? वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदारास त्या वर्षी न देण्याची आयकरातील नवी तरतूद म्हणूनच अधिक उपयुक्त. मात्र तिच्यासाठी उद्यम नोंदणी हवी, हे कित्येकांना ठाऊकच नसते.

अशा स्थितीत स्थानिक पातळीवर पुष्कळ करता येईल. वसईला सहकारी बँकांची जुनी परंपरा आहे. त्यांनी तारणाऐवजी वर्षभराच्या नियमित जमेवर लहान कर्जे देण्याचा प्रयोग करून पाहावा. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी साचून येथील लोकल ठप्प झाली होती. ज्या नगरात पावसाळा असा येतो, तेथे महापालिकेने अखंड विजेची एखादी सामाईक अभ्यासिकावजा जागा माफक भाड्याने दिली, तर ती चैन ठरणार नाही.

अर्थात या मार्गाने बेकारीचा प्रश्न सुटेल, असे मानणे म्हणजे आत्मवंचना होय. 'स्वतःच काहीतरी करा' हा उपदेश रोजगार निर्माण करण्याच्या जबाबदारीतून सुटण्याची पळवाट होता कामा नये. तरुणांनीही पहिले दहा ग्राहक पैसे मोजू लागेपर्यंत नोकरीवर पाणी सोडू नये. आणि पालकांनी, खिडकीशी बसून काम करणारा मुलगा किंवा मुलगी रिकामटेकडी आहे, असे लगेच समजू नये. शंभर चाकरमान्यांच्या घरांतून अशी दोन माणसे जरी उभी राहिली, तरी मिळकत गावातच राहील आणि वर्षाचे ते नऊशे तास त्यांच्या हाती परत येतील. एका खांबावरचा तंबू वादळात डळमळतो हे खरे. म्हणूनच त्याला चहूबाजूंनी ताण देणारे दोर समाजाने व शासनाने पुरवावयाचे असतात.