मर्यादवेल कोणी उपटली?

समुद्राने किनारा गिळला, अशी हाकाटी प्रत्येक वादळानंतर आमच्या बेहालातही ऐकू येते. दिघा, मंदारमणी, बक्खाली येथे सुट्टी घालवून आलेली सुशिक्षित मंडळी पुळण अरुंद झाल्याचे हळहळून सांगतात, आणि सारा दोष बंगालच्या उपसागराच्या माथी मारून मोकळी होतात. समुद्रावर आरोप ठेवणे सोयीचे असते; त्याच्याकडून खुलासा मागवावा लागत नाही. परंतु ज्यांचे आयुष्य चौकशीच्या कागदांत गेले, त्या आमच्या वाचकांनी तरी असला एकतर्फी निकाल मान्य करू नये.

समुद्र अगदी निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ ह्या काळातील किनारारेषेचे मोजमाप केले, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपत असल्याचे आढळले. पश्चिम बंगालात हे प्रमाण ६०.५ टक्के निघाले. चढती पाणपातळी, चक्रीवादळे, नद्यांच्या गाळातील फेरफार ही कारणे आहेतच. पण किनारारेषा किती सरकली, एवढेच उपग्रहाला दिसते. तिच्या मागची वाळूची टेकडी कोणी सपाट केली, हे पाहण्यास वाळूवर उतरावे लागते.

ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची राखीव शिल्लक होय. वादळात लाटा तिच्यातील वाळू ओढून नेतात. ती उथळ पाण्यात बांधासारखी साठते आणि पुढच्या लाटांचा जोर तेथेच मोडतो. हवा निवळली की त्याच लाटा ती वाळू हळूहळू परत आणतात, वारा ती वर चढवतो, आणि जमिनीसरशी पसरणारी एक वेल तिला धरून ठेवते. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. ती मर्यादा समुद्राला जशी आहे, तशीच माणसालाही आहे. वेल उपटून, टेकडी खणून तेथे भिंत उभारली, की लाट भिंतीवर आपटून माघारी फिरते आणि पायथ्याची वाळू खरवडून नेते. पुळण खचते. भिंतीच्या टोकाशी शेजाऱ्याची जमीन धुपू लागते. मग तोही भिंत बांधतो.

मंदारमणीची कहाणी ह्याच जातीची आहे. मोटार थेट वाळूवरून हाकता येते, ही त्या किनाऱ्याची जाहिरात झाली. चाकांखाली लाल खेकड्यांची बिळे चिरडली गेली, आणि भरतीरेषेलगत हॉटेलांची रांग उभी राहिली. भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध घालणारी अधिसूचना तर १९९१ सालीच निघाली होती! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०२२ मध्ये नियमबाह्य हॉटेले पाडण्याचा आदेश दिला. जिल्हा प्रशासनाने सुमारे १४० हॉटेलांस त्याप्रमाणे फर्मावले, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. मुख्यमंत्र्यांनीच त्यास विरोध केला, आणि त्याच महिन्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. दरम्यान २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणण्याची वाट करून दिली होती. समुद्र मागे हटला नाही. कागदावरची रेघ तेवढी पुढे सरकली.

हॉटेले पाडल्यास गरिबांची भाकरी जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. तेथील नोकरांची सोय लावल्यावाचून कारवाई करणे निर्दयपणाचे ठरेल. पण जाळी पसरण्यास व मासळी वाळत घालण्यास ज्यांना मोकळी पुळण लागते, त्या कोळ्यांची भाकरी कोणत्या हिशेबात धरली? आणि पुळणच उरली नाही, तर हॉटेलात उतरणार तरी कोण?

आमच्या वाचकांना हे बंगालचे दुखणे वाटत असेल, तर त्यांनी पुढच्या रजेत कोकणात डोळे उघडे ठेवून फिरावे. तेथेही धूपप्रतिबंधक बंधारे वाढत आहेत आणि पुळणीवर मोटारी धावत आहेत. मात्र तेथेच वेळासही आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली तेथे सागरी कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. गावकरी घरटी राखतात, अंडी मोजतात. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास आलेले पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. पुळण न विकता तिच्यावर पोट भरता येते, ह्याचा हा पुरावा आहे.

म्हणून किनाऱ्याचा अभ्यास हवाच. पण तो समुद्राइतकाच माणसाचा हवा. टेकडीची उंची, वाळूवर उतरणाऱ्या मोटारी, रात्री कासवांच्या पिल्लांना चकवणारे दिवे आणि भिंतीपुढे उरलेली पुळण ह्यांची नोंद वर्षानुवर्षे, त्याच जागी उभे राहून झाली पाहिजे, आणि ती परवान्याच्या आधी वाचली गेली पाहिजे. परवाने देऊन झाल्यावर ‘अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे’ असा शेरा मारणे म्हणजे अभ्यास नव्हे. ती टाळाटाळ आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या हाती असा शेरा लिहिणारी लेखणी आहे. ज्यांच्या हाती ती नाही, त्यांच्या हाती निदान मोटारीचे चाक आहे. दोन्ही भरतीरेषेच्या अलीकडे थांबावीत, एवढेच आमचे मागणे आहे.